जुन्या वळणाचा नवा आरपीजी: कुलूप नसलेल्या दुकानातून पहिली खरेदी

एका दिवाळीत सिन्नरजवळच्या आमच्या गावी लॅपटॉप घेऊन गेलो होतो. चार दिवस मोकळे होते आणि पैसे मोजून घेतलेला गेम सोबत होता. पण गेम उघडला की तो आधी दुकानाच्या खात्यात लॉगिन करायला सांगायचा, आणि घरात नेटचा पत्ता नव्हता. पैसे माझे, लॅपटॉप माझा, पण चावी दुसऱ्याच्या खिशात. ते चार दिवस गेम न खेळताच गेले. तेव्हापासून, शक्य असेल तिथे, मी डीआरएम नसलेल्या दुकानातूनच गेम घेतो.

डीआरएम म्हणजे गेमला लावलेलं डिजिटल कुलूप. गेम सुरू होताना ते कुठल्यातरी सर्व्हरला विचारतं, ‘हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे ना?’ उत्तर आलं नाही तर गेम उघडत नाही. ज्या दुकानात हे कुलूप नसतं तिथून तुम्हाला गेमचा पूर्ण इन्स्टॉलर मिळतो. तो स्वतःच्या डिस्कवर ठेवा, हवा तेव्हा, हव्या त्या स्वतःच्या संगणकावर टाका. अशा दुकानांत सगळ्यांत मोठं नाव जीओजी. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्टने ते २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने सुरू केलं, तेव्हा तिथे फक्त जुने गेम मिळायचे. २०१२ पासून नाव नुसतं जीओजी झालं आणि नवे गेमही येऊ लागले.

हा लेख पहिल्यांदाच असा गेम, तोही जुन्या वळणाचा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन कथा खेळायचा गेम), घेणाऱ्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठी आहेत: पैसे गेले म्हणजे खरेदी झाली, असं इथे धरू नका. इन्स्टॉलर तुमच्या डिस्कवर उतरला, गेम बसला आणि नेट बंद करून चालू झाला, की खरेदी झाली.

१. आधी गेम ठरवा

‘जुन्या वळणाचा’ म्हणजे वरून दिसणारा नकाशा, साथीदारांची तुकडी घेऊन फिरणं, भरपूर वाचन, आणि फाशांच्या खेळांसारखे नियम. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’ या गेमची ही परंपरा. मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि मग ती परत आली, बरीचशी खेळणाऱ्यांच्याच पैशावर. ऑब्सिडियन कंपनीने सप्टेंबर २०१२ मध्ये ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’साठी किकस्टार्टर या लोकांकडून वर्गणी जमवायच्या साइटवर ११ लाख डॉलर मागितले आणि जवळपास ४० लाख जमले. गेम २६ मार्च २०१५ रोजी आला. पुढे उदाहरण म्हणून मी हाच गेम घेतो आहे, कारण नवख्याला या प्रकारातलं सगळं त्यात एकत्र भेटतं.

पण तो सगळ्यांसाठी नाही. लॅपटॉप अगदी साधा असेल आणि डाउनलोड परवडत नसेल, तर ‘स्काल्ड: अगेन्स्ट द ब्लॅक प्रायरी’ बघा. मे २०२४ मध्ये आलेला हा नॉर्वेतला गेम कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या काळातल्या ठोकळेबाज चित्रांचा आहे आणि अंगाने अगदी हलका आहे. लढाया आळीपाळीने, कसलीही घाई नाही. ‘अंडररेल’ हा बेलग्रेडच्या स्टिजियन सॉफ्टवेअरचा २०१५ चा गेम मला मनापासून आवडतो, तरी पहिला गेम म्हणून तो घेऊ नका. त्यात तुकडी नाही, तुम्ही एकटेच. पात्र घडवताना चूक झाली तर ‘डेपो ए’ नावाच्या जागी पोचल्यावर ती चूक कळते, आणि तोवर बरेच तास गेलेले असतात.

आणखी एक. यातला कुठलाही गेम मराठीत नाही. पिलर्समध्ये तर कादंबरीइतकं इंग्रजी आहे, त्यात बनवलेले शब्द. ‘बियावॅक’ शब्दकोशात शोधून सापडणार नाही, ते त्या जगातल्या एका वादळाचं नाव आहे. गेमच्या जर्नलमध्ये ‘सायक्लोपीडिया’ नावाचा विभाग आहे, असे शब्द तिथे बघा.

२. दुकानाचं पान नीट वाचा

लोक चित्रं आणि ट्रेलर बघून खाली जातच नाहीत. खरी माहिती खाली असते.

सिस्टिम रिक्वायरमेंट्स: पिलर्सला ६४ बिटची विंडोज, ४ जीबी रॅम आणि १४ जीबी जागा लागते. २०१५ चा गेम असल्याने आजच्या बहुतेक लॅपटॉपवर तो चालतो.

आवृत्ती: इथे नवखे हमखास गोंधळतात. एकाच गेमच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात, वर विस्तार, म्हणजे गेमला नंतर जोडलेले भाग, वेगळे. पिलर्सचा ‘द व्हाइट मार्च’ हा विस्तार दोन भागांत आला, पहिला ऑगस्ट २०१५ मध्ये आणि दुसरा फेब्रुवारी २०१६ मध्ये. २०१७ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये दोन्ही भाग आहेत. ‘रॉयल’ वगैरे जुन्या नावांच्या आवृत्त्यांत संगीत, कलापुस्तक अशा भेटी असायच्या, गेम तोच. मूळ गेम स्वस्त दिसला म्हणून घेतला आणि नंतर विस्तार सुटे घेतले, तर बहुतेक वेळा जास्त पैसे जातात. आधी बेरीज करा.

‘इन डेव्हलपमेंट’ किंवा ‘अर्ली ॲक्सेस’ अशी पट्टी: म्हणजे गेम अजून अर्धवट आहे. आरपीजी अर्धवट असताना घेऊ नका. कथा मध्येच तुटते आणि पूर्ण झाल्यावर पहिल्यापासून खेळायचा उत्साह उरत नाही.

किंमत: भारतातून बघताना किंमत डॉलरमध्ये दिसते. इतर काही दुकानं रुपयांत, आपल्या देशासाठी उतरवलेला भाव देतात, म्हणून तिथे तोच गेम स्वस्त पडू शकतो. मी थोडे जास्त पैसे देऊन इन्स्टॉलर घेतो, हा माझा निर्णय. तुम्ही दोन्ही भाव बघून ठरवा. घाई नसेल तर गेम विशलिस्टमध्ये टाकून सेलची वाट बघा. या प्रकारातले जुने झालेले गेम सेलमध्ये बरेच उतरतात.

३. हाताशी काय काय हवं

– कायम वापरात असलेला ईमेल. कॉलेजचा किंवा ऑफिसचा नको, तो एक दिवस बंद होतो आणि खातं त्यालाच बांधलेलं असतं.
– व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, आणि त्याच्या बँकेचं ॲप.
– बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर, चालू स्थितीत.
– डिस्कवर गेमच्या दुप्पट ते अडीचपट जागा. इन्स्टॉलर आणि बसलेला गेम दोन्ही एकाच वेळी मावले पाहिजेत. विस्तारांसह पिलर्स घेत असाल तर ४० जीबी मोकळी ठेवा.
– एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह.
– वायफाय. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर हे काम करायला बसू नका.

४. कार्ड तयार करा

बहुतेकांची गाडी इथेच अडते. माझी पहिली खरेदी तीनदा नाकारली गेली आणि चौथ्या वेळी बँकेने कार्डच थांबवलं. कस्टमर केअरला फोन करून दोन दिवसांनी ते सुरू झालं. दुकानाची काही चूक नव्हती. मला नियम माहीत नव्हता.

नियम असा: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करायचे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डच्या विभागात जा. तिथे देशातल्या आणि परदेशी व्यवहारांची बटणं वेगवेगळी असतात. परदेशी भागातलं ‘ऑनलाइन’ किंवा ‘ई-कॉमर्स’ चालू करा. परदेशी एटीएम आणि मशीन बंदच राहू द्या. शेजारी मर्यादा ठरवायची जागा असते, तिथे गेमच्या किमतीपेक्षा थोडीशीच जास्त रक्कम टाका.

ही मर्यादा का महत्त्वाची, ते सांगतो. आपल्याला प्रत्येक व्यवहाराला ओटीपीची सवय आहे. परदेशी दुकानं ओटीपी मागतीलच असं नाही, कार्डचा नंबर आणि मागचे तीन आकडे दिले की पैसे जातात. म्हणून खरेदी झाली की ते बटण पुन्हा बंद करा. मी दर वेळी करतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. दुकानात दिसणाऱ्या डॉलरच्या किमतीवर बँक फॉरेक्स मार्कअप (परकी चलनाच्या व्यवहाराचं शुल्क) लावते, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मार्कअप ३.५ टक्के असेल तर जीएसटीसह तो ४.१३ टक्के होतो, म्हणजे हजार रुपयांमागे साधारण ४१ रुपये. फार नाहीत, पण स्टेटमेंटमध्ये वेगळा आकडा दिसला की माणूस दचकतो, म्हणून आधीच सांगितलं. आपल्या कार्डाचा दर बँकेच्या शुल्कपत्रकात असतो.

कार्ड एकदा नाकारलं गेलं तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. थांबा, ॲपमधलं बटण आणि मर्यादा तपासा, मग एकदाच करा. तरीही झालं नाही तर दुसरं कार्ड किंवा पेमेंटच्या पानावर दिसणारा दुसरा पर्याय वापरा.

‘कमी पैशात गेमची की (गेम खुला करायचा कोड) मिळवून देतो’ असं सांगणाऱ्या अनोळखी विक्रेत्यांकडे जाऊ नका. आणि गेमचा इन्स्टॉलर फुकट देणाऱ्या साइटवरून तर काहीच उतरवू नका. कुलूप नसलेल्या इन्स्टॉलरमध्ये कुणीही काहीही मिसळून पुन्हा वाटू शकतं.

५. विकत घ्या

हे दोन मिनिटांचं काम आहे. खातं काढा, ईमेलवर आलेली लिंक दाबून ते पक्कं करा, दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू ठेवा. गेम कार्टमध्ये टाका, नाव आणि आवृत्ती पुन्हा एकदा वाचा, पैसे भरा. पावती ईमेलवर येते. ती पुसू नका.

६. इन्स्टॉलर उतरवा

आता खात्यातल्या लायब्ररीत गेमच्या चित्रावर दाबा. सगळ्यांत ठळक बटण ‘गॅलेक्सी’ वापरायला सांगतं. गॅलेक्सी हे जीओजीचं स्वतःचं ॲप आहे. ते अपडेट आपोआप आणतं, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) क्लाउडवर ठेवतं आणि सक्तीचं नाही. वापरायचं तर जरूर वापरा, पण पहिल्या खेपेला तरी त्याच्या जवळची साधी ओळ शोधा: ‘डाउनलोड ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स’. तिथे फायलींची यादी उघडते. वर आपली ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषा निवडा.

मोठ्या गेमचा इन्स्टॉलर तुकड्यांत असतो. पहिली ईएक्सई फाइल अगदी छोटी, आणि तिच्यामागे एक, दोन, तीन अशा क्रमांकांच्या मोठ्या बिन फायली. नवखे ईएक्सई तेवढी उतरवतात, कारण तीच ओळखीची दिसते. ती उघडली की पुढचा तुकडा मागते आणि काम थांबतं. यादीतल्या सगळ्या फायली उतरवा, एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं बदलू नका. ब्राउझर कधीकधी नावाच्या शेवटी कंसात आकडा जोडतो. तसं झालं असेल तर तो आकडा काढून टाका, नाहीतर इन्स्टॉलरला तुकडा सापडत नाही.

विस्तारांचे इन्स्टॉलर वेगळे असतात, त्याच यादीत खाली. तेही घ्या. आणि त्याखालच्या ‘गुडीज’ सोडू नका. मॅन्युअल, नकाशा, संगीत, जे असेल ते. जुन्या वळणाच्या गेममध्ये मॅन्युअल वाचणं हा खेळाचाच भाग आहे. मी ते छापून घेतो.

एक तांत्रिक सापळा: जुना पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीचा असतो. त्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, भरपूर जागा असली तरी. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

७. गेम टाका, मग नेट बंद करा

ईएक्सईवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघा. तिथे जीओजीचं नाव असलं पाहिजे. नसेल तर ती फाइल उघडू नका. मग इन्स्टॉल सुरू करा. जागा निवडताना ‘प्रोग्रॅम फाइल्स’ टाळा, सी किंवा डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करा. पुढे मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल) टाकायचे झाले तर विंडोज परवानगीसाठी अडवत नाही. आधी मूळ गेम, नंतर विस्तार. ‘फाइल खराब आहे’ असा संदेश आला तर ज्या तुकड्याचं नाव येईल तेवढाच पुन्हा उतरवा, सगळं पहिल्यापासून नको.

आता वायफाय बंद करा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. गेम उघडा, नवीन पात्र करून पाच मिनिटं चाला, सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडून तो सेव्ह लोड करा. हे सगळं नेटशिवाय झालं तर गेम तुमच्या ताब्यात आला.

कायद्याच्या भाषेत तुम्हाला इथेही मालकी नाही, वापरायचा परवानाच मिळतो, हे खरं आहे. तरी फरक पडतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की डिजिटल वस्तू विकणाऱ्याने ‘तुम्ही फक्त परवाना घेत आहात’ हे स्पष्ट सांगायचं. त्यातून सूट कोणाला? गिऱ्हाईकाला जी वस्तू कायमची उतरवून नेटशिवाय वापरता येते, तिच्या विक्रीला. हा फरक कायद्यानेही मानला, याचं मला फार समाधान वाटतं. पण तुम्ही इन्स्टॉलर उतरवलाच नाही, तर त्या फरकाचा तुम्हाला काही उपयोग नाही.

आणि कुलूप नाही म्हणून इन्स्टॉलर मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. तो स्वतःच्या वापरासाठी आहे. असे गेम बनवणारे बरेच जण अगदी छोटे आहेत, त्यांना प्रत्येक प्रतीचे पैसे लागतात.

८. नाही चालला तर

जीओजीचा परताव्याचा नियम उदार आहे. २०२० पासून पैसे भरल्यापासून ३० दिवसांत परतावा मागता येतो, गेम उतरवलेला आणि खेळलेला असला तरी. तांत्रिक अडचण असेल तर आधी सपोर्टला लिहा: संगणकाची माहिती, अडचण कुठे येते, संदेशाचा फोटो. परतावा डॉलरमध्ये येतो, रुपयांत करताना त्या दिवसाचा भाव लागतो, म्हणून चार पैसे इकडेतिकडे होतील. हा नियम विश्वासावर चालतो. गेम संपवून पैसे परत मागायचे नाहीत.

९. जपून ठेवा

इन्स्टॉलरचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. गेमचं नाव, आवृत्तीचा क्रमांक, तारीख असं नाव द्या. ऑफलाइन इन्स्टॉलर स्वतःहून अपडेट होत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांनी लायब्ररीत चक्कर मारा. नवीन आवृत्ती आली असेल तर मूळ गेम आणि विस्तार दोन्ही एकाच आवृत्तीचे घ्या, मिसळलेत तर गेम मध्येच बंद पडतो. नवी आवृत्ती चालते हे बघेपर्यंत जुनी पुसू नका.

सेव्ह वेगळे जपावे लागतात. पिलर्सचे सेव्ह विंडोजमध्ये तुमच्या युजर फोल्डरातल्या ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये असतात. विंडोज नव्याने टाकताना लोक गेमचा इन्स्टॉलर सांभाळतात आणि साठ तासांचे सेव्ह घालवतात.

१०. पहिले काही तास

इथे कथा फोडणार नाही, फक्त ज्या जागी नवखे गेम सोडून देतात त्या सांगतो.

सुरुवातीला ‘ट्रायल ऑफ आयर्न’ आणि ‘एक्स्पर्ट मोड’ या चौकटी रिकाम्या ठेवा. पहिलीत एकच सेव्ह असतो आणि तुकडी मेली की तोही जातो. काठिण्य ‘ईझी’ किंवा ‘नॉर्मल’.

लढाई चालू असताना स्पेसबार दाबला की सगळं थांबतं. थांबवा, प्रत्येकाला काम सांगा, सोडा, पुन्हा थांबवा. नवखे न थांबवता खेळतात आणि लढाई कळत नाही म्हणतात. पर्यायांत ‘ऑटो-पॉज’ आहे, शत्रू दिसताच थांबायला सांगा.

प्रत्येक पात्राला दोन मोजपट्ट्या आहेत. एन्ड्युरन्स लढाई संपली की भरते. हेल्थ फक्त विश्रांतीने. माणूस उभा आहे म्हणून पुढे ढकलत राहिलात तर तो एका लढाईत कायमचा जातो. मुक्कामाचं सामान मोजकंच नेता येतं, नॉर्मलवर चार. प्रत्येक किरकोळ लढाईनंतर तंबू ठोकू नका.

गिल्डेड व्हेल या पहिल्या गावात पोचलात की ॲलॉथ आणि एडर हे साथीदार भेटतात. दोघांनाही सोबत घ्या. तुकडी सहा जणांपर्यंत होते, आणि जागा रिकामी असेल तर तिथल्या ब्लॅक हाउंड या सराईमध्ये पैसे देऊन साथीदार बनवता येतो.

गावांत काही लोकांची नावं सोनेरी पट्टीवर दिसतील. ती किकस्टार्टरवर पैसे दिलेल्यांची पात्रं. त्यांच्या गोष्टींचा मुख्य कथेशी संबंध नाही. मी पहिल्या खेपेला ते सगळं वाचून काढलं, वहीत टिपणंही घेतली, आणि खरी कथा कुठली तेच कळेना. तुम्ही ती पात्रं खुशाल सोडा.

आणि गावाच्या अलीकडे, व्हेलवुडच्या जंगलात अस्वलाची गुहा आहे. गावात जायच्या आधी तिच्यात शिरू नका. साथीदार घेऊन, एक-दोन पातळ्या चढून परत या.